काळा साका ते एकसारखे कण: मॅग्नेटाइटचे नॅनोकण बनवताना

लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवायचे आणि ढवळता ढवळता अमोनिया ओतायचा. क्षणात नारिंगी द्रावण काळंभोर होतं. बीकरला बाहेरून चुंबक लावला की तो काळा साका सरकत सरकत चुंबकाकडे येतो. मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं चुंबकीय ऑक्साइड, तयार! पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं, झालं की काम. मलाही वाटलं होतं. मग तोच नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि ४ नॅनोमीटरपासून २० नॅनोमीटरपर्यंत (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सगळी थोरली-धाकटी भावंडं एकमेकांना बिलगून बसलेली दिसली. कण बनवणं पाच मिनिटांचं काम आहे. सारखे कण बनवायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यातला बराच वेळ चुकीच्या गोष्टींच्या मागे गेला. मी वजनं तपासत बसलो, चूक मात्र ओतण्यात होती.

खाली तीन पद्धती दिल्या आहेत. तिन्हींना रसायनशास्त्राची साधी प्रयोगशाळा पुरते. पण फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट), चष्मा आणि हातमोजे यांच्याशिवाय एकही करू नये, आणि घरी तर नाहीच. तिसऱ्या पद्धतीत ३२० अंश सेल्सियसला ज्वलनशील द्रव उकळत असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सारखे म्हणजे किती सारखे

मॅग्नेटाइटचा कण साधारण २५ ते ३० नॅनोमीटरपेक्षा लहान असला की खोलीच्या तापमानाला त्याच्या चुंबकत्वाची दिशा आपोआप पालटत राहते. बाहेरून चुंबक लावला तर सगळे कण एका दिशेला वळतात, काढला की पुन्हा विस्कटतात. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. दिशा पालटायला लागणारा वेळ कणाच्या आकारमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो, आणि सगळी मेख इथे आहे. १० नॅनोमीटरचा कण आणि २० नॅनोमीटरचा कण घ्या. व्यास दुप्पट, आकारमान ८ पट, पण दिशा पालटण्याचा वेळ साधारण लाखपट! म्हणजे एकाच बाटलीत दोन वेगळे पदार्थ ठेवल्यासारखं होतं. कणांचा वापर उष्णता निर्माण करायला करा, एमआरआयच्या प्रतिमेसाठी करा किंवा पाण्यातून काही वेचून काढायला करा, सरासरी आकार बरोबर असूनही निकाल भलतेच येतात, ते यामुळे.

मोजायची रीत साधी आहे. व्यासांचं प्रमाण विचलन भागिले सरासरी व्यास. हा आकडा १० टक्क्यांच्या आत असेल तर कण सारखे म्हणायला हरकत नाही, आणि ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते काम कुणालाही अभिमानाने दाखवावं. पाण्यातल्या साध्या सहअवक्षेपणात, म्हणजे दोन्ही क्षारांतलं लोह एकत्रच साक्यात उतरवण्यात, हा आकडा बहुतेक वेळा २० ते ३० टक्के निघतो.

जन्म एकदम, वाढ सावकाश

१९५० साली ला मेर आणि डायनगर यांनी गंधकाच्या कणांवर काम करताना जो विचार मांडला, तो आजही या धंद्याचा पाया आहे. द्रावणात पदार्थाची मात्रा वाढत जाते, संपृक्ततेच्या पलीकडे जाते, आणि एका टप्प्यावर असंख्य बीजकण एकदम तयार होतात. त्यांच्या जन्मातच बरीच सामग्री खर्ची पडते, मात्रा त्या टप्प्याच्या खाली येते आणि नवी बीजं तयार होणं थांबतं. उरलेली सामग्री मग आहेत त्याच बीजांवर चढत जाते.

सगळे एकाच वेळी जन्मले तर वाढतातही बरोबरीने. जन्म लांबत गेले, इकडे पहिले कण मोठे होत असताना तिकडे नवे जन्मत राहिले, तर थोरले-धाकटे होणारच. पुढच्या प्रत्येक पायरीत आपण हीच एक गोष्ट साधतो आहोत हे ध्यानात ठेवलं तर कृती पाठ करावी लागत नाही.

याच्या जोडीला आणखी एक खोडी असते. सामग्री संपल्यावरही भांडं गरम ठेवलं तर लहान कण विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्यांवर जाऊन बसतो. मोठा मासा लहान माशाला गिळतो तसं. म्हणून 'अजून थोडा वेळ ठेवू, आणखी सुधारेल' हा मोह टाळायचा.

पहिली पद्धत: पाण्यातलं सहअवक्षेपण

फ्रान्समधल्या रेने मासार यांनी १९८१ साली ही पद्धत आज वापरात आहे त्या रूपात मांडली. एक भाग फेरस लोह (Fe²⁺), दोन भाग फेरिक लोह (त्याहून जास्त ऑक्सिडीकरण झालेलं, Fe³⁺) आणि आठ भाग हायड्रॉक्साइड एकत्र आले की मॅग्नेटाइट आणि पाणी मिळतं. एक ग्रॅमच्या आसपास मॅग्नेटाइट बनवायचं तर फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.७० ग्रॅम म्हणजे १० मिलिमोल आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.९९ ग्रॅम म्हणजे ५ मिलिमोल घ्या. सगळं जुळून आलं तर हाती १.१६ ग्रॅम लागतं.

आता बाटल्या उघडून नीट बघा. फेरिक क्लोराइड हवेतली ओल इतकं ओढतं, की तोलता तोलता वजनकाट्याचा आकडा चढताना दिसतो. भराभर तोला. बाटलीत त्याचा चिखल झाला असेल तर ती बाटली या कामाला निरुपयोगी, कारण तुम्ही पाणी तोलत असता. फेरस क्लोराइड फिकट हिरवं असायला हवं. पिवळसर किंवा तपकिरी छटा दिसली तर त्यातलं काही लोह आधीच फेरिक झालेलं आहे आणि एकास दोनचं प्रमाण तुम्ही सुरुवातीलाच घालवलं आहे. मी हल्ली फेरस क्लोराइडच्या भानगडीत पडत नाही. त्याऐवजी मोहर सॉल्ट, म्हणजे अमोनियम फेरस सल्फेट, १.९६ ग्रॅम घेतो. ते हवेत बरंच टिकतं. फक्त अल्कलीत पडल्यावर अमोनियाचा वास सुटतो, तेवढी तयारी ठेवावी.

पाणी ऊर्ध्वपातित घ्यायचं आणि त्यातला ऑक्सिजन घालवायचा. दहा मिनिटं खळखळ उकळून, मग नायट्रोजन सोडत थंड करणं पुरतं. हे टाळलं तर फेरस लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, काळ्याऐवजी चॉकलेटी साका मिळतो, कधी त्यात गंजासारखा पिवळा गाळही मिसळलेला असतो.

दोन्ही क्षार अशा ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्या पाण्यात आधी २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ मिलिलिटर घातलेले असू द्या, म्हणजे फेरिक लोह ओतण्याआधीच गढूळ होत नाही. दुसरीकडे तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून, नायट्रोजन सोडत, ते ८० अंशांपर्यंत तापवा.

ढवळायला चुंबकीय स्टरर वापरू नका. हसू नका, माझ्यासकट अनेकांनी ही चूक केलेली आहे. स्टररचा तुकडा स्वतः चुंबक असतो. मॅग्नेटाइट तयार होता होता त्याला चिकटतं, त्याची काळी, केसाळ अळी होते, आणि शेवटी पाणी जवळजवळ नितळ आणि सगळा माल अळीवर, अशी अवस्था येते. वरून दांडा सोडलेला यांत्रिक स्टररच हवा.

आता खरी पायरी. बहुतेक ठिकाणी लोहाच्या द्रावणात अल्कली थेंब थेंब घाला असं लिहिलेलं असतं. सारखे कण हवे असतील तर असं करू नका. थेंब थेंब अल्कली पडली की पीएच हळूहळू चढतो. २ ते ३ च्या दरम्यान फेरिक हायड्रॉक्साइड एकटंच बाहेर पडतं. फेरस लोहाची पाळी ७-८ च्या आसपास येते. म्हणजे एक घटक आधी, दुसरा उशिरा, आणि बीजं तयार होण्याचा काळ दहा-वीस मिनिटं लांबलेला. त्यापेक्षा उलटं करा. मोठ्या सिरिंजने लोहाचं सगळं द्रावण तीन-चार सेकंदांत गरम अल्कलीत सोडा. पीएच सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढाच राहतो आणि दोन्ही लोहं एकदम बाहेर येतात. रंग बघायला वेळच मिळत नाही. सिरिंजचं टोक द्रवाच्या वर नको, आत बुडवलेलं असावं आणि ढवळणं जोरात असावं, नाहीतर जिथे धार पडते तिथेच गुठळी होते.

मग ८० अंशांवर अर्धा तास, नायट्रोजनखाली. त्यापेक्षा जास्त नको.

धुण्यासाठी फ्लास्कखाली दणकट निओडिमियम चुंबक ठेवा, साका बसू द्या, वरची निवळ ओतून टाका, नवं पाणी घाला, हलवा, पुन्हा बसवा. पहिल्या दोन-तीन वेळा साका पटकन बसतो. नंतर बसायला वेळ लागायला लागतो आणि वरचं पाणी चहासारखं तपकिरी राहतं. नवखा माणूस इथे घाबरतो आणि चुंबक बदलतो. खरं तर ही चांगली खूण आहे. पाण्यातलं मीठ कमी झालं, कणांवरच्या सारख्या विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर ढकलायला लागले, म्हणून ते तरंगताहेत. धुणं इथे थांबवा. पीएच ७ च्या जवळ जाऊ देऊ नका, तिथे मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावरचा भार जवळपास शून्य होतो आणि गुठळ्या होतात.

धुऊन झाल्यावर लगेच आवरण चढवायचं. ५० मिलिलिटर पाण्यात कण पसरवून त्यात १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट घाला, ९० अंशांवर एक तास ढवळा, थंड करा, ॲसिटोन घालून साका बसवा आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात घ्या. सायट्रेट एका टोकाने लोहाला धरून बसतं आणि दुसरं टोक पाण्याकडे ऋणभार घेऊन राहतं. असे कण तटस्थ पाण्यातही टिकतात.

आकार बदलायचा असेल तर पीएच आणि मीठ या दोन कळा तुमच्या हातात आहेत. दोन्ही वाढवले की कण लहान होतात, तापमान वाढवलं की मोठे. पण कितीही काळजी घेतली तरी या पद्धतीत विखुरलेपणाचा आकडा माझ्या हातून १५ टक्क्यांच्या खाली गेलेला नाही. त्यावर उपाय म्हणजे निवड. सायट्रेट लावलेल्या कणांच्या द्रवात सोडियम क्लोराइडचं दाट द्रावण थोडं थोडं घालत जा. एका मात्रेला सर्वांत मोठे कण आधी खाली येतात, लहान वरच राहतात. ते वेगळे करा, वरच्या भागात आणखी थोडं मीठ घाला, पुढचा थर मिळवा. तीन-चार थरांत मधला भाग बराच सारखा निघतो. माल निम्मा होतो, पण ज्यांना पाण्यातलेच कण हवे आहेत त्यांच्यासाठी हा सौदा वाईट नाही.

मॅग्नेटाइटऐवजी कोबाल्ट फेराइट हवं असेल तर फेरस क्षाराच्या जागी १.१९ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड हेक्झाहायड्रेट घ्या. नायट्रोजनची गरज नाही, पण तापमान ९५ ते १०० अंश आणि वेळ दीड-दोन तास लागतो, नाहीतर हायड्रॉक्साइडं पूर्णपणे फेराइटमध्ये बदलत नाहीत. कोबाल्टचे क्षार विषारी आहेत, धुण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये.

दुसरी पद्धत: मोठे, गोल कण हवे असतील तर

ही पद्धत फारशी कुणी करत नाही, याचं मला नवल वाटतं. सुगिमोटो आणि मातियेविच यांनी १९८० साली दाखवलं, की फेरस हायड्रॉक्साइडचा जेल नायट्रेटच्या सोबतीने ९० अंशांवर नुसता ठेवून दिला तर सुंदर गोल मॅग्नेटाइट मिळतं, साधारण ३० नॅनोमीटरपासून एक मायक्रोमीटरपर्यंत. जेल हळूहळू विरघळतो आणि सामग्री बेताबेताने पुरवतो. नवी बीजं जन्मण्याइतकी मात्रा कधी चढतच नाही.

सुरुवातीसाठी: ऑक्सिजन काढलेल्या पाण्यात पोटॅशियम नायट्रेट २.०२ ग्रॅम आणि १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड ४.५ मिलिलिटर घ्या, त्यात फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.७० ग्रॅमचं ताजं द्रावण घाला आणि एकूण १०० मिलिलिटर करा. हिरवट जेल होईल. बाटलीतली हवा नायट्रोजनने घालवा, बूच लावा, ९० अंशांच्या जलऊष्मकात चार तास ठेवा. ढवळायचं नाही, हलवायचंही नाही.

सगळा खेळ अल्कलीच्या त्या साडेचार मिलिलिटरचा आहे. हिशोबाने ५ मिलिलिटर लागतात. त्यापेक्षा किंचित कमी, म्हणजे फेरस लोह थोडं जास्त, असेल तर मोठे गोल कण होतात. अल्कली जास्त झाली तर लहान, कोनदार, अष्टफलकासारखे. म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची मात्रा टायट्रेशन करून ठरवा, बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. आणखी एक गोष्ट आधीच ओळखून असा. शंभर नॅनोमीटरचे हे कण सुपरपॅरामॅग्नेटिक नसतात. एकदा चुंबक लावला की ते एकमेकांना धरून बसतात आणि चुंबक काढला तरी सोडत नाहीत.

तिसरी पद्धत: आयर्न ओलिएट तापवून

सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या ताएघ्वान ह्यॉन यांच्या गटाने २००४ साली एकाच भांड्यात ४० ग्रॅम एकसारखे नॅनोकण बनवून दाखवले, तेही महागडी किंवा अतिविषारी रसायनं न वापरता. पुढे वेगळी निवड करायची गरजच पडत नाही, इतके ते सारखे निघतात. मी आज सारखे कण म्हटलं की हीच पद्धत धरतो.

काम दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी आयर्न ओलिएट, म्हणजे ओलेइक आम्लाचा लोखंडी क्षार. फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.७० ग्रॅम आणि सोडियम ओलिएट ९.१३ ग्रॅम हे इथेनॉल २० मिलिलिटर, पाणी १५ मिलिलिटर आणि हेक्झेन ३५ मिलिलिटर यांच्या मिश्रणात घालून कंडेन्सर लावून ७० अंशांवर चार तास ठेवा. इथे आग जवळ नको, ठिणगी नको. हेक्झेनची वाफ चटकन पेटते. थंड झाल्यावर सेपरेटिंग फनेलमध्ये ओता. वरचा थर गडद लालसर तपकिरी, खालचा जवळजवळ रंगहीन. खालचा थर अजून पिवळा असेल तर लोह पूर्ण वर आलेलं नाही. वरचा थर १० मिलिलिटर पाण्याने तीनदा धुवा. मग हेक्झेन उडवून द्या. उरतो तो मधासारखा दाट, लालसर काळपट पदार्थ, साधारण ९ ग्रॅम.

या मधात काय काय उरलं आहे, यावर दुसरा दिवस ठरतो. मी एकदा अतिउत्साहात हेक्झेन नीट न उडवताच पुढे गेलो. तापमान २९५ वर जाऊन अडकलं. मँटल (भांड्याभोवतीची विजेची शेगडी) पूर्ण क्षमतेने चालू, कंडेन्सरमधून थेंब टपटप परत भांड्यात, आणि काटा हलायला तयार नाही. मला वाटलं थर्मोकपल बिघडलं. दुसरं लावलं, तरी तेच. हलका द्रावक शिल्लक असला की मिश्रण आधीच उकळायला लागतं, एवढी साधी गोष्ट होती. त्या दिवशी मिळालेले कण दोन गटांत विभागलेले होते, जणू दोन वेगळ्या भांड्यांतून आले. तेव्हापासून आयर्न ओलिएट ७० अंशांवर निर्वातात रात्रभर ठेवल्याशिवाय मी वापरत नाही. सोडियम ओलिएटचंही तसंच. दोन वेगळ्या बाटल्यांतून केलेल्या ओलिएटचे कण एक-दोन नॅनोमीटरने वेगळे येतात, कारण त्यात मोकळं ओलेइक आम्ल आणि ओल किती हे बाटलीगणिक बदलतं. शक्य असेल तर एकाच बाटलीतून वर्षभराचं ओलिएट एकदम करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी १०० मिलिलिटरच्या तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये आयर्न ओलिएट ३.६ ग्रॅम, ओलेइक आम्ल ०.५७ ग्रॅम आणि १-ऑक्टाडेसीन २० ग्रॅम घ्या. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. आधी ११० अंशांवर अर्धा तास निर्वात लावा. फेस येतो, तो थांबेपर्यंत धीर धरा. मग आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडा आणि मिनिटाला ३.३ अंश या गतीने ३२० अंशांकडे चढवा. वरचं टोक कंडेन्सरमार्गे बबलरला (वायू बुडबुड्यांनी बाहेर जाऊ देणाऱ्या नळीला) उघडं असलंच पाहिजे, बंद भांडं तापवणं म्हणजे बाँब बनवणं.

आता भांड्याकडे बघत राहा. २०० ते २४० च्या दरम्यान लोहाला धरलेल्या तीन ओलिएटपैकी एक सुटतं आणि बीजं तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, द्रव तसाच लालसर पारदर्शक. ३०० च्या आसपास उरलेली दोन सुटतात आणि वाढ सुरू होते. ३१० पुढे द्रव गढूळ होतो, बारीक बुडबुडे वेगाने सुटतात, आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळं काळपट होतं. ही उसळी जोराची असते. याच वेळी भांड्यातून द्रव वर चढण्याची भीती असते, म्हणून मँटल खाली घेता येईल असा जॅक खाली ठेवा. त्यानंतर ३० मिनिटं, आणि मग मँटल काढून हवेतच थंड.

जन्म २०० ते २४० मध्ये आणि वाढ ३०० ला, म्हणजे दोन्ही गोष्टी तापमानानेच वेगळ्या करून दिल्या. ओतण्याची हातघाई नाही, सिरिंज नाही. म्हणून ही पद्धत मोठ्या भांड्यातही चालते.

वर दिलेल्या मापाने साधारण १२ नॅनोमीटरचे कण मिळतात, लोहाच्या हिशोबाने जास्तीत जास्त ०.३१ ग्रॅम. ओलेइक आम्ल वाढवलं की आकार थोडा वाढतो. तापवण्याची गती वाढवली की बीजं जास्त होतात आणि कण लहान राहतात. मोठी उडी हवी असेल तर द्रावक बदला: १-हेक्झाडेसीन २७४ अंशांना उकळतं, त्यात ५ नॅनोमीटर, ऑक्टिल ईथरमध्ये ९, ट्रायऑक्टिलअमाइन ३६५ अंशांना उकळतं, त्यात २२.

धुताना इथेनॉल घालून सेंट्रिफ्यूज करा, गाळ थोड्या हेक्झेनमध्ये घ्या, पुन्हा इथेनॉल. असं दोन-तीनदाच. जास्त धुतलं की कणावरचं ओलेइक आम्लच निघून जातं आणि मग ते कण कशातच नीट पसरत नाहीत.

या पद्धतीचा एक दोष क्वचितच कुणी सांगतं. भांड्यात ऑक्सिजन अजिबात नसला, तर कणाच्या गाभ्यात वुस्टाइट म्हणजे फेरस ऑक्साइड राहू शकतं. ते खोलीच्या तापमानाला चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. कण देखणे, पण चुंबकत्व भलतंच कमी. असं झालं तर ते ऑक्टाडेसीनमध्ये १३० अंशांवर थोडं ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड घालून तासभर ठेवा.

तपासणी

चुंबकाला चिकटलं म्हणजे मॅग्नेटाइट, असं नाही. मॅघेमाइटही, म्हणजे सगळं लोह फेरिक झालेलं ऑक्साइड, तसंच चिकटतं. क्ष-किरण विवर्तनात दोघांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात. मॅग्नेटाइटच्या स्फटिकाची घनकडा ०.८३९६ नॅनोमीटर, मॅघेमाइटची त्याहून अर्धा-पाऊण टक्का कमी, आणि नॅनोकणांच्या रुंद रेषांमध्ये हा फरक बुडून जातो. त्या रुंदीचा उपयोग मात्र होतो. तांब्याच्या क्ष-किरणांनी ३५.५ अंशांजवळ येणारी मुख्य रेषा निम्म्या उंचीवर ०.८३ अंश रुंद असेल तर स्फटिक साधारण १० नॅनोमीटरचा. यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करा.

सारखेपणा ठरवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतोच. किमान ३०० कण मोजा, आणि नमुना ज्या जाळीवर ठेवतात तिच्या वेगवेगळ्या चौकटींतले मोजा. सगळ्यात देखण्या कोपऱ्याचा फोटो काढून तिथेच मोजत बसणं ही स्वतःची फसवणूक. द्रवातले कण प्रकाश कसा विखुरतात त्यावरून, म्हणजे प्रकाशविकिरणाने, काढलेला आकाराचा आकडा सूक्ष्मदर्शकापेक्षा नेहमी मोठा येतो. आवरण त्यात धरलं जातं हे एक, आणि विकिरण व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतं हे दुसरं. १०० नॅनोमीटरची एक गुठळी १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरते. म्हणून तो आकडा मोठा आला तर कण मोठे आहेत असं समजण्याआधी गुठळ्या शोधा.

चुंबकत्व मोजून घ्याल तेव्हा मोठ्या स्फटिकाचा आकडा, ग्रॅममागे साधारण ९२ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक), डोळ्यासमोर ठेवा. नॅनोकणांना ५० ते ८० मिळाले तर ठीक आहे. पण भागाकार करताना आवरणाचं वजन काढून टाकायला विसरू नका. ओलेइक आम्लासकट तोललेल्या नमुन्यात ते २०-३० टक्केही असू शकतं.

ठेवणं

कण वाळवू नका. एकदा भुकटी झाली की पुन्हा पूर्वीसारखे सुटे होत नाहीत, अल्ट्रासाउंडमध्ये कितीही वेळ ठेवा. पाण्यातले कण नायट्रोजन भरून, गच्च बूच लावून, थंड पण गोठणार नाहीत अशा जागी ठेवा. हेक्झेनमधल्यांना ओलेइक आम्लाचा एखादा थेंब घाला. बाटली चुंबकाशेजारी ठेवलेली असेल तर आठवड्याने तळाशी घट्ट वडी मिळते. धुण्याचं पाणी आणि हेक्झेन वेगवेगळ्या कॅनमध्ये, सिंकमध्ये काही नाही.

आणि प्रत्येक बाटलीवर कृती केल्याची तारीख, कुठल्या ओलिएटच्या साठ्यातून केलं ते, आणि त्या दिवशीचा रंग लिहा. काळा रंग दोन-तीन महिन्यांत तपकिरीकडे झुकला तर मॅग्नेटाइटचं मॅघेमाइट होतं आहे, आणि हे कळायला पहिल्या दिवशीचा रंग लिहिलेला असावा लागतो.